मनोरमा कुठे राहणार?

एप्रिल १८८३ मध्ये दोन मराठी बायका बोटीत बसल्या. कलकत्त्याहून आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, डॉक्टर व्हायला. मुंबईहून पंडिता रमाबाई इंग्लंडला निघाल्या, त्यांनाही वैद्यकच शिकायचं होतं. पहिलीचं वय अठरा, दुसरीचं जेमतेम पंचवीस. पहिलीवर श्री. ज. जोशींनी १९६८ साली 'आनंदी गोपाळ' लिहिली, ती अजूनही हातोहात वाचली जाते, आणि २०१९ मध्ये आपण सगळ्यांनी तिचा सिनेमाही पाहिला. दुसरीच्या वाट्याला असं काही आलं नाही. का आलं नाही, याचं नेहमीचं उत्तर धर्मांतर हे आहे, आणि ते खरंही आहे. ख्रिस्ती झालेली ब्राह्मण विधवा आपल्याला नायिका म्हणून पचत नाही.

पण मला आणखी एक साधं कारण दिसतं. रमाबाईंच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी होती.

एकटं माणूस बोटीत बसलं की गोष्ट सरळ चालते: विरोध, प्रवास, थंडी, परीक्षा, पदवी. सोबत मूल असलं की गोष्टीत ताप येतो, जेवण येतं, कुणाच्या तरी घरात कुणाच्या तरी नियमाने राहणं येतं. आणि सगळ्यात आधी येतो तो प्रश्न: हिला सांभाळणार कोण? असल्या प्रश्नावर सिनेमा निघत नाही, पत्रं लिहिली जातात.

रमाबाईंनी ती लिहिली. सिस्टर जेराल्डिन या इंग्लिश जोगिणीने ती जपून ठेवली, स्वतःच्या टिपांसकट संकलित केली, आणि ए. बी. शहांनी संपादित केलेला तो पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने इंग्रजीत छापला. दुसरीकडे रमाबाईंनी स्वतः मराठीत लिहिलेलं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक १८८९ चं. ही दोन पुस्तकं सहसा वेगवेगळी वाचली जातात. पहिलं धर्माच्या अभ्यासकांसाठी, दुसरं प्रवासवर्णनाच्या आणि स्त्रीवादाच्या अभ्यासकांसाठी. ती एकत्र वाचली तर मात्र वेगळंच काही हाती लागतं, असं माझं म्हणणं आहे.

माझं वाचन निःस्वार्थी नाही हे आधीच सांगते. मी अठ्ठावीस वर्षांची, सॉफ्टवेअरमध्ये, मूळची लोणी देवकरची. मुलगी दोन वर्षांची. नवऱ्याला आणि मला जर्मनीला जायचंय, आणि गेले तीन महिने आमच्या घरात एक एक्सेल शीट फिरतंय. म्युनिक की बर्लिन? म्युनिकचं घरभाडं अख्ख्या जर्मनीत सगळ्यात जास्त. बर्लिनमध्ये पाळणाघराची, म्हणजे तिथल्या 'किटा'ची फी नाही, फक्त जेवणाचे थोडे पैसे. बव्हेरियात चौथीनंतरच पोरांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी होते, बर्लिनमध्ये सहावीपर्यंत सगळी एकत्र. वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला किटात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे. प्रत्यक्षात नंबर लावून बसावं लागतं. असे एकोणीस रकाने. माझ्या आईने ते शीट फोनवर उघडून पाहिलं आणि विचारलं, "ह्यात पोरीला कोण बघणार ते कुठंय?" विसावा रकाना नव्हता.

त्याच आठवड्यात मी रमाबाईंची पत्रं वाचत होते.

मराठीत परदेशावर ढिगाने पुस्तकं आहेत, पण ती बहुतेक परतीचं तिकीट खिशात असलेल्या माणसांची आहेत. पु. लं.ची 'अपूर्वाई' घ्या. मला ती मनापासून आवडते. पण त्या मजेला एक अट आहे: पाहुण्याला तिथल्या शाळेत कुणाला घालायचं नसतं. तिथला देश चुकला तर तो विनोद होतो. मूल घेऊन राहायला गेलेल्याला देश चुकला तर त्याचा विनोद करता येत नाही. आपल्या प्रवासवर्णनाच्या साच्यात मुलाला जागाच नाही, आणि ही गोष्ट रमाबाईंच्या स्वतःच्या पुस्तकालाही लागू पडते.

'लोकस्थिती' हे भक्कम पुस्तक आहे. राज्यकारभार, घरगुती राहणी, शिक्षण, धर्म आणि दानधर्म, व्यापार, स्त्रियांची स्थिती: एकेक विषय घेऊन अमेरिका कशी चालते हे त्या सांगतात. आवाज ठाम, माहिती भरपूर. अमेरिकेचं कौतुक आहे, पण तिथल्या मूळ रहिवाशांवर आणि काळ्या लोकांवर काय गुदरलं तेही झाकलेलं नाही. १८८९ मध्ये मराठी बाईने दुसऱ्या देशाचं असं मूल्यमापन करावं ही गोष्ट थोर आहे. मीरा कोसंबींनी हे पुस्तक इंग्रजीत नेलं आणि त्याचं महत्त्व नीट मांडलं. पण वाचताना मला सारखं वाटत राहिलं की ही बाई इथे तपासनीस होऊन बोलते आहे. देशाला गुण देते आहे. माझ्या शीटसारखं, एकेक रकाना. या पुस्तकाचा विषय देश आहे. मुलीला घेऊन जगणारी आई हा त्याचा विषय नाही, आणि तो असावा अशी तेव्हाच्या मराठी वाचकाची अपेक्षाही नव्हती.

ती आई पत्रांत भेटते. तीही इंग्रजीत, नुकत्याच शिकलेल्या भाषेत.

थोडा तपशील हवा. रमाबाईंचे पती बिपिन बिहारी मेधवी १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने गेले, तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहून त्याच्या विक्रीतून बोटीच्या तिकिटाचे पैसे उभे केले. इंग्लंडमध्ये त्या उतरल्या वाँटेज या छोट्या गावी, सेंट मेरीच्या जोगिणींच्या मठात. मठाचं पुण्यातही काम होतं, त्यामुळे व्यवहार साधा होता: रमाबाईंनी जोगिणींना मराठी शिकवायची, त्यांनी रमाबाईंना इंग्रजी. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकाचा बेत बारगळला. २९ सप्टेंबर १८८३ ला आई आणि मुलगी दोघींचा बाप्तिस्मा झाला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्या आधीच वाँटेजला आत्महत्या केली होती. परदेशी जायच्या गोष्टींत हे नाव कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतलं.

पुढच्या वर्षी रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या, डॉरथिया बील यांच्याकडे. शिकायचं आणि संस्कृत शिकवायचं. आणि इथे शीटचा प्रश्न आला. चेल्टनहॅम शिक्षणासाठी उत्तम, वाँटेज मुलासाठी. दोन्हींच्या मध्ये सरळ रेषेत पंचावन्न-एक किलोमीटर, आमच्या लोणीहून बारामतीपेक्षा थोडं लांब. मनोरमा बराच काळ वाँटेजला जोगिणींजवळ राहिली. आईचं गाव एक, मुलीचं गाव दुसरं. आजच्या कुठल्याही आयटी जोडप्याला हा तोडगा ओळखीचा वाटेल.

सिस्टर जेराल्डिनला रमाबाई पत्रात काय म्हणत? आजीबाई. मराठीतला शब्द, इंग्रजी अक्षरांत. मी या शब्दापाशी बराच वेळ थांबले. मदर नाही, सिस्टर नाही, आजीबाई. परक्या देशात पहिली गरज त्यांनी कशाची भरून काढली, तर आजीची. आणि आजी म्हटलं की तिचा पोरीवर हक्कही आला. सगळा संघर्ष या एका शब्दात भरलेला आहे, कारण जेराल्डिनने तो हक्क खरोखरच बजावला.

पत्रांतली भांडणं वरवर पाहता धर्माची आहेत. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, बिशपांनी घातलेल्या अटी. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं हिंदुस्थानातले बिशप म्हणाले, त्यावर त्यांनी जे खरमरीत उत्तर दिलं ते आजही वाचण्यासारखं आहे. अभ्यासकांनी हा भाग पुष्कळ लिहिलाय. पण त्याच पत्रांत अंडं घातलेल्या पुडिंगवरून भांडण आहे. रमाबाई शाकाहार सोडत नाहीत, यात जेराल्डिनला जातीचा गर्व दिसतो. रमाबाई उलट टोला मारतात की गर्व शोधायचाच असेल तर खुशाल दुधा-लोण्यातही शोधा. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, यावरून भांडण आहे. आणि मुलीला काय शिकवायचं यावरून आहे. जे मला पटत नाही ते माझ्या मुलीच्या तोंडी घालू नका, असा त्यांचा आग्रह. शिवाय मनोरमा आपल्या लोकांत आपल्यासारखी वाढावी, त्यांच्याहून वरची किंवा परकी होऊ नये, हाही आग्रह.

हे सगळे प्रश्न धर्माचे मानले तर रमाबाई एक अवघड शिष्या ठरतात, आणि जेराल्डिनच्या टिपांत त्या तशाच दिसतात. (हे लक्षात ठेवायला हवं की संग्रह जेराल्डिनने केलाय. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग एकाच बाजूच्या सर्व्हरवर आहेत.) पण हेच प्रश्न राहण्याच्या जागेचे मानून वाचा. काय खायचं, कोणत्या भाषेत प्रार्थना, कुणाचं ऐकायचं. घर बदलणाऱ्या प्रत्येक आईला याच क्रमाने हे प्रश्न पडतात. रमाबाई वाँटेज हे गाव तपासत नव्हत्या. मुलीबद्दल शेवटचा शब्द कुणाचा, हे तपासत होत्या.

आता माझी तक्रार. मराठीत रमाबाईंवर जे लिहिलं गेलं त्यात जेराल्डिनला फार जागा नाही, आणि मिळते तेव्हा ती एक तर दयाळू मिशनरी असते किंवा हट्टी मिशनरी. देवदत्त नारायण टिळकांच्या 'महाराष्ट्राची तेजस्विनी' या १९६० च्या चरित्राचं नावच सांगतं की प्रकाश कुणावर आहे. पण जेराल्डिन काम करत होती. रोजचं काम. अंघोळ, जेवण, झोप, खोकला. हे काम करणाऱ्या माणसाला मुलाबद्दल मत नसावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. रमाबाईंना वाँटेजचा सांभाळ हवा होता आणि वाँटेज नको होतं. इंग्रजी घरात वाढणाऱ्या चार वर्षांच्या पोरीची भाषा काय होणार हे सांगायला पंडित लागत नाही. इथे रमाबाईंची मागणी तर्कात बसत नाही, असं मी स्पष्ट म्हणेन. तरी मी त्यांच्याच बाजूची आहे. कारण दुसरा पर्याय काय होता? मुलीला पुण्यात ठेवून जाणं? विधवेच्या, बंगाली शूद्राशी लग्न केलेल्या बाईच्या मुलीला तिथे कोण सांभाळणार होतं? त्या धर्मांतरानंतर पुण्यातल्या बहुतेकांनी तोंड फिरवलं. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये १८८५ साली त्यांची बाजू घेतली, ते अपवाद.

पोर सोबत न्यायचं की आजीजवळ ठेवायचं, हा प्रश्न मला लहानपणापासून माहीत आहे, फक्त तो व्हिसावाल्यांचा आहे हे माहीत नव्हतं. दिवाळीच्या सुमारास आमच्या भागात उसतोड कामगार येतात, बीडकडून, नगरकडून. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. उसाच्या फडाजवळ नाहीतर कारखान्याजवळ कोप्या उभ्या राहतात. कोपी म्हणजे वाढं, बांबू आणि ताडपत्री. ज्यांच्या गावी आजी आहे त्यांची शाळेत जाणारी पोरं मागे राहतात, ज्यांच्याकडे नाही त्यांची पोरं गाडीत बसून येतात, आणि त्यांची शाळा बुडते. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहं याच प्रश्नाचं सरकारी उत्तर. आमच्या वर्गात दरवर्षी डिसेंबरात एक-दोन नवे चेहरे मागच्या बाकावर दिसायचे आणि मार्चअखेर जायचे. ते कुठून आलेत हे आम्हाला माहीत होतं. गावी कुणाला ठेवून आलेत हे आम्ही कधी विचारलं नाही.

हे आणि म्युनिक एका मापाने मोजायचं नाही, एवढी अक्कल मला आहे. एकाकडे एकोणीस रकाने आहेत, दुसऱ्याकडे मुकादमाची उचल. उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या आमच्या शेजारच्या पळसदेवच्या लोकांना तर कुठे राहायचं हे सरकारनेच सांगितलं. पण आजीचा रकाना तिन्हीकडे आहे, आणि तिन्हीकडे तो इतर सगळं ठरवतो. स्थलांतरावरची आपली चर्चा पगार, पाणी, भाषा, अस्मिता यांवर चालते. आजी तिच्यात भावनेपुरती येते, पापड-लोणच्यासोबत. खरं तर ती या व्यवहारातली सगळ्यात महत्त्वाची, बिनपगारी यंत्रणा आहे. मूल घेऊन देश बदलणं म्हणजे त्या यंत्रणेच्या जागी दुसरी बसवणं.

जर्मन किटांमध्ये एक पद्धत आहे, तिला ते 'आइनगेवोनुंग' म्हणतात. सवय लावणं. पहिले काही दिवस आई किंवा बाप मुलासोबत त्याच खोलीत बसतो. मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. दोन आठवडे, कधी चार, कधी जास्तही. मूल नव्या बाईच्या कुशीत शांत व्हायला लागलं की पालक घरी जातो. ही पद्धत वाचली तेव्हा मला ती आवडली, आणि जरा भीतीही वाटली. कारण हे काय चाललंय ते तिथे कुणी लपवत नाही. हक्क टप्प्याटप्प्याने हस्तांतरित होतो, आणि तो होताना तुम्ही खोलीत बसून बघता. रमाबाईंना ही सवलत नव्हती. त्यांनी ते हस्तांतर पत्रांतून केलं, आणि अर्ध्यातच नाकारलंही.

त्यांना 'घर' या शब्दाची ओढ फारशी नव्हती, हेही विसरता कामा नये. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरले. रमाबाई काही महिन्यांच्या असताना वेताच्या पेटीत घालून त्यांना डोंगरावरून खाली आणलं, असं त्यांनीच लिहिलंय. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडील दोघं गेले; मग भाऊ आणि त्या पायी हिंडल्या. इतक्या जागा पाहिलेल्या माणसाला जागेचं काय कौतुक? म्हणूनच वाँटेज सुंदर आहे का, शाळा चांगली आहे का, हे त्यांच्या पत्रांत दुय्यम राहतं. आणि म्हणूनच मी 'लोकस्थिती'पेक्षा या पत्रांना वरचं स्थान देईन. पुस्तकात त्यांनी देशाला गुण दिले, पत्रांत देशाशी अटी घातल्या. दुसरं काम जास्त अवघड, आणि त्याचं गद्यही जास्त जिवंत. मोडक्या, रागावलेल्या, मधेच आजीबाई म्हणून लाडात येणाऱ्या त्या इंग्रजीचं कुणीतरी चांगलं मराठी करायला हवं.

लोणीहून पुण्याला जाताना भिगवण, पाटस मागे पडलं की चौफुला येतो. उजवीकडे वळलं की केडगाव. तिथलं मुक्ती मिशन रमाबाईंचं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या आणि इथे सांभाळल्या. मनोरमाही पुढे आईच्या कामात उभी राहिली. १९२१ मध्ये ती गेली आणि वर्षाच्या आत रमाबाई. म्हणजे इंग्लंडात आजीबाई शोधणारी बाई इथे स्वतःच शेकडो पोरींची आजीबाई झाली. चरित्रं इथे येऊन सुखाने थांबतात. मला त्याच्या थोडं आधीचं एक प्रकरण जास्त बोलकं वाटतं.

११ मार्च १८८९ ला रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. पुण्यातल्या लोकांनी विश्वासाने आपल्या बालविधवा मुली तिथे ठेवल्या. न्या. रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार मंडळावर. मग कुजबुज सुरू झाली की मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. 'केसरी'ने रान उठवलं. आपण ही हकिकत सुधारक विरुद्ध सनातनी अशी वाचतो. पण पालकांचा प्रश्न शब्दशः तोच होता जो आठ वर्षांपूर्वी चेल्टनहॅमहून वाँटेजला गेला होता: आमच्या मागे आमच्या मुलीला तुम्ही काय शिकवता?

रमाबाईंचं उत्तर असं होतं की मी माझ्या खोलीत माझ्या मुलीबरोबर प्रार्थना करते. कुणाला बोलावत नाही, पण दारही लावून घेणार नाही.